घरातल्या डॉक्टरची, नर्सची, आशाताईची तब्येत कोण बघणार?



नीट परीक्षेचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या आल्या की आपल्या बौद्धवाड्यांमध्ये एक ओळखीचे दृश्य दिसते. ज्या घरातल्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, त्या घरासमोर फ्लेक्स लागतो. विहारात सत्कार होतो. मुंबई मंडळाचे पदाधिकारी शाल आणि पाकीट घेऊन येतात. आईच्या डोळ्यांत पाणी असते आणि बाबांना बोलता येत नाही. असे फोटो आम्हीही छापतो, आणि पुढेही आनंदाने छापू.

पण सत्कारानंतर काय होते, याकडे आमचेही लक्ष गेले नव्हते, हे आधी कबूल करतो. तीच मुलगी चार-पाच वर्षांनी वॉर्डात उभी असते. घरून फोन येतो तेव्हा म्हणते, "बरी आहे गो आई, जरा झोप कमी झालीय." आईला वाटते, डॉक्टर व्हायचे तर एवढे सोसायलाच हवे. बहुतेक वेळा ते खरेही असते. कधीकधी मात्र त्या एका वाक्यामागे बरेच काही दडलेले असते आणि ते घरातल्या कोणाला ऐकू येत नाही.

आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. २०२३ पासून रत्नागिरीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कोकणातल्या गरीब घरातल्या मुलांना मुंबई-पुण्याला न जाता डॉक्टर होण्याची वाट उघडली. नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुली तर आधीपासूनच आहेत. उपकेंद्रातल्या नर्सताई, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, वॉर्डातले मामा-मावशी, वाडीतली आशाताई, हे सगळे आपल्याच घरांतले लोक आहेत. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान रुग्णांसाठी नाही. रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

थकवा आणि आतून संपत जाणे

काम करून दमणे वेगळे. रात्रपाळी झाली, झोप काढली, गरम जेवण जेवले की माणूस पुन्हा ताजातवाना होतो. हा साधा थकवा. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

दुसरा प्रकार हळूहळू येतो. डॉक्टरी भाषेत त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, तर माणसाची जी अवस्था होते ती ही. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत.

पहिली, अंगातले बळ संपल्यासारखे वाटणे. सुट्टी घेतली तरी ताजेपणा येत नाही.

दुसरी, कामाबद्दल मन कोरडे होणे. रुग्णांची कणव असलेली मुलगी "हे लोक असेच" म्हणू लागते. रुग्णाचे नाव जाऊन "बेड नंबर सात" उरतो. घरच्यांना वाटते, डॉक्टर झाली आणि गर्व आला. बऱ्याचदा तो गर्व नसतो. मनाने स्वतःला वाचवण्यासाठी लावून घेतलेले ते दार असते.

तिसरी, आपण काहीच धड करत नाही असे वाटणे. वर्गात पहिली येणारी मुलगी म्हणते, "मला हे जमणारच नव्हते."

या तीन खुणा एकत्र दिसू लागल्या, तर "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. बर्नआउट झालेल्या माणसाला कामापासून लांब गेल्यावर साधारणपणे थोडे बरे वाटते. पण घरी सुट्टीवर आल्यावरही दोन आठवडे मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीत रस नाही, जेवण आणि झोप बिघडली आहे, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

ही तक्रार एकट्या-दुकट्याची नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृती दल नेमले होते. त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. देशभरातल्या २५ हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाहणीत उत्तरे दिली, आणि त्यांतल्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे नोंदवले. म्हणजे चार जणांत एकाहून जास्त. आपली मुलगी त्यांत असेल तर ती कमकुवत आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

झोप हा हक्क आहे

सुरुवात झोपेपासून करू, कारण ती गेली की बाकी सगळे ढासळते.

शास्त्रज्ञांनी माणसांना जागे ठेवून त्यांच्या चाचण्या घेतल्या आहेत. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोके, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्या देशात गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. २४ तास जागरण झाले की परिणाम जवळपास दुप्पट होतो. दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात आपण सुई देणार नाही, पण ३० तास जागलेल्या डॉक्टरकडे तक्रार न करता जातो.

अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक ड्युट्या कमी करून पाहिल्या. जुन्या वेळापत्रकात, म्हणजे सलग २४ तासांहून जास्त काम करताना, त्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के अधिक झाल्या होत्या. म्हणजे डॉक्टरच्या झोपेत रुग्णाचाही जीव अडकलेला असतो.

नियम काय सांगतात? निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निर्देश काढले. साधारणपणे सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नसावे, आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांनी आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची किरकोळ रजा दिली. २०२४ च्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको आणि रोज सात ते आठ तास झोप हवी, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे पाळले जात नाही. पण आपल्या मुलांनी सुट्टी मागितली तर ती कामचुकार ठरत नाहीत, एवढे तरी घरच्यांना ठाऊक असावे.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. वर्षातून एक दिवस असे अभिवादन करणे योग्यच आहे. पण घरातल्या मुलांना वर्षानुवर्षे "बाबासाहेब १८-१८ तास अभ्यास करायचे, तुला काय झाले?" असे ऐकवताना बाबासाहेबांच्या शरीराचे काय झाले तेही सांगायला हवे. उत्तरायुष्यात मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी त्यांना फार छळले. डॉक्टरांचे उपचार सतत घ्यावे लागले. ६५ व्या वर्षी आपण त्यांना गमावले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी स्वतःला झिजवले ते पुढच्या पिढीला तसे झिजावे लागू नये म्हणून. त्यांच्या लेकराने पुरेशी झोप घेतली, तर त्यांचा अपमान होत नाही.

पाळीत काम करणाऱ्यांनी एवढे करून पाहावे:

- रात्रपाळीला जाण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपावे.
- ड्युटीत संधी मिळाली तर २० मिनिटे डोळे मिटावेत. ती चोरी नव्हे.
- चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या भागात घ्यावी, घरी निघायच्या आधी नको.
- रात्रभर जागून दुचाकी चालवू नये. घाटातून तर मुळीच नाही. एस.टी. पकडा, किंवा घरातल्या कोणाला घ्यायला बोलवा.
- झोप येत नाही म्हणून स्वतःच स्वतःला गोळी लिहून देऊ नये. औषधे हाताशी असणे हा या पेशातला मोठा धोका आहे. डॉक्टरलाही डॉक्टर लागतो.

समाधान कुठून येते

मग इतके कष्ट असताना काही डॉक्टर आणि नर्सा आनंदाने कशा टिकतात? त्यांना कष्ट कमी असतात म्हणून नव्हे. आपल्या कामाचा काही उपयोग होतो आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसत असते.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातून, कष्टाची कामे करत शिकलेले हे डॉक्टर म्हणजे हिम्मतराव बावस्कर. त्या काळी कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, डोळ्यांदेखत जायची. शंभरातले जवळपास चाळीस रुग्ण दगावत. विष चढले की हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण गुदमरतो. पुस्तकात यावर खात्रीचा इलाज नव्हता.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. पुढे पुण्याला एम.डी. केले आणि पुन्हा महाडलाच परतले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वेळेवर दिले तर विंचूदंशाचा रुग्ण वाचू शकतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची त्यांना साथ होती. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आले. मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठे हॉस्पिटल आणि मोठी यंत्रे नसतानाही, साध्या आरोग्य केंद्रात समोरच्या माणसांच्या दुखण्याला त्यांनी आपला प्रश्न मानला. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना बंधपत्राप्रमाणे एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. अनेकांना ते वर्ष म्हणजे शिक्षा वाटते. तिथे एखादा प्रश्न आपला म्हणून निवडता आला, मग तो गरोदर बायांमधला रक्तक्षय असो, सर्पदंश असो की भातलावणीच्या दिवसांतला लेप्टो, तर त्याच वर्षाचा रंग बदलू शकतो.

याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जे डॉक्टर आपल्या वेळेचा किमान पाचवा हिस्सा, म्हणजे आठवड्यातला साधारण एक दिवस, स्वतःला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या कामाला देत होते, त्यांच्यात बर्नआउट बरेच कमी होते. कोणाला शिकवणे आवडते, कोणाला बाळंतपणे, कोणाला वाडीत जाऊन बोलणे. सगळा आठवडा मनासारखा मिळणे कठीण. एक दिवस मिळवता येतो का, हे मात्र पाहता येते.

पण समाधान झोपेची जागा घेत नाही

इथे सावध राहायला हवे. "सेवा करतोय ना, मग थकवा कसला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सेवेत मन रमले तरी शरीर आपला हिशेब सोडत नाही.

गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य दिलेले डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. कामात अर्थ नव्हता असे त्यांच्याबाबतीत कोणी म्हणू शकणार नाही. नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्याच्या त्यांच्या आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाची जगाने दखल घेतली आहे. तरीही शरीराने इशारा दिला. त्यांनी पुढे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहून आपल्या खाण्याचा, व्यायामाचा आणि मनावरच्या ताणाचा हिशेब लोकांपुढे मांडला. आपल्या वाचनालयात ते असेल तर जरूर वाचा. रुग्णांना जे सल्ले देतो ते डॉक्टरने स्वतः पाळावे लागतात, हे एका डॉक्टरनेच त्यात प्रांजळपणे सांगितले आहे.

वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासणे, रोज अर्धा तास चालणे, ड्युटीत पाण्याची बाटली आणि डबा जवळ ठेवणे, या गोष्टी साध्या आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे रक्त काढणाऱ्या आपल्या किती नर्सताईंचे हिमोग्लोबिन या वर्षी तपासले गेले? घरी विचारून बघा.

मान मिळत नसेल तर

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक ओझे येते, जे इतरांना दिसत नाही.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या २६ वर्षांच्या डॉक्टरने आपले आयुष्य संपवले. जळगावकडच्या तडवी भिल्ल आदिवासी समाजातली ही लेक स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी माता त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणातला जातीय भेदभाव रोखणारी यंत्रणा खरोखर चालावी, एवढीच त्यांची मागणी होती.

हे आठवताना आजही काळीज पिळवटते. पण नुसते हळहळून भागणार नाही. "कोट्यातून आली" हा टोमणा, वॉर्डात सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा, मुद्दाम लावलेल्या ड्युट्या आणि ऑपरेशनला जवळ उभे राहू न देणे हे "कडक शिस्त" या नावाखाली खपवले जाते. सीनियर रागावणे आणि जातीवरून अपमान होणे यांतला फरक आपल्या मुलांना कळतो. घरी सांगायला मात्र ती कचरतात. आई-बाबांनी किती खस्ता खाल्ल्या, आता त्यांना त्रास कशाला, असा विचार ती करतात.

म्हणून आई-वडिलांनी आपणहून एकदा स्पष्ट सांगून ठेवावे: "बाय, तुला तिथे कोणी जातीवरून बोलले तर ते आम्हाला सांग. तू सांगितलेस म्हणून आम्हाला त्रास होणार नाही. न सांगितलेस तर होईल." हे एक वाक्य कधी जीव वाचवेल सांगता येत नाही.

असे घडलेच तर तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण हजर होते, याची त्याच दिवशी वहीत नोंद करावी. मेसेज पुसू नयेत. महाविद्यालयातल्या रॅगिंगविरोधी समितीकडे, अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे आणि लैंगिक त्रास असेल तर अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. जातिवाचक अपमान अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो. वाडीतल्या किंवा तालुक्यातल्या जाणत्या वकिलाला सोबत घ्या. तिला एकटीला पाठवू नका.

दुसऱ्या बाजूचेही बोलू. रुग्णाचे नातेवाईक म्हणून आपण रुग्णालयात जातो, तेव्हा समोरची नर्स किंवा शिकाऊ डॉक्टर कदाचित २० तासांपासून उभी असेल. औषध नाही, खाट नाही, हा तिचा दोष नसतो. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर हात उचलणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपली लेक अशाच दुसऱ्या कुठल्या वॉर्डात उभी आहे, हे आठवले तर आवाज आपोआप खाली येईल.

अर्धे काम घरच्यांच्या हातात

रुग्णालयातल्या ड्युट्या आपल्याला बदलता येत नाहीत. घरातली ड्युटी बदलता येते.

रात्रपाळी करून सकाळी आठला आलेली सून नऊला चुलीपुढे भाकऱ्या थापत असेल, तर तिची पाळी संपलेलीच नसते. तिच्या झोपेच्या वेळी दार लोटून ठेवणे, टीव्हीचा आवाज कमी करणे, मुलांना आजोबांनी अंगणात नेणे आणि नवऱ्याने भात लावणे यासाठी पैसे लागत नाहीत. पाळ्यांचा कागद भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे कोणी तिला मध्येच उठवणार नाही.

दुसरी गोष्ट मोबाईलची. वाडीत एक डॉक्टर झाली की वाडीचे, सासरचे आणि मुंबईच्या चाळीतले सगळ्यांचे रिपोर्ट तिच्या मोबाईलवर येतात. "बाय, एवढे बघ गो, एक मिनिटाचे काम." असे वीस फोन दिवसाला येतात. लोकांचा विश्वास आहे म्हणूनच ते विचारतात, हे खरे. पण तिलाही वेळ हवा. फोन करायची वेळ ठरवून घ्या, उदाहरणार्थ रविवारी संध्याकाळी एक तास. छातीत दुखणे, दम लागणे, सर्पदंश अशा वेळी मात्र तिच्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. महिला मंडळाने किंवा विहार समितीने पुढाकार घेऊन हे ठरवले, तर तिला स्वतःला कोणाला "नाही" म्हणावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. पहिला पगार किंवा विद्यावेतन हातात पडायच्या आत भावाची फी, घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न आणि मंडळाची वर्गणी रांगेत उभी असतात. मुलांनाही हे करायचेच असते, आपल्या घरांतली माया तशी आहे. फक्त एकदा वही घेऊन एकत्र बसा. काय आता, काय दोन वर्षांनी, आणि दर महिन्याला तिच्या स्वतःच्या नावावर काय राहणार, ते लिहा. ओझे लिहून वाटले की हलके होते.

आशाताईंचे तर घर आणि ड्युटी यांत कुंपणच नाही. २००५ पासून सुरू झालेल्या या योजनेत तिला पगार नाही, कामावर आधारित मानधन आहे. रात्री दोन वाजता बाळंतीणीला घेऊन तीच निघते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. आपण निदान एवढे करावे की रात्री तिच्यासोबत वाडीतला कोणीतरी जाईल, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी एक वेळचा डबा पोचेल.

आधी स्वतःचा तोल

तथागतांनी सेदक नावाच्या गावी भिक्खूंना एक गोष्ट सांगितली होती. बांबूवर कसरत करणारा एक गुरू होता आणि त्याचा मेदकथालिका नावाचा शिष्य होता. शिष्य गुरूच्या खांद्यावर चढायचा. गुरू म्हणाला, तू माझी काळजी घे, मी तुझी घेतो, म्हणजे आपण दोघे सुखरूप उतरू. शिष्याने ते मानले नाही. त्याचे म्हणणे असे की गुरूने आपला तोल सांभाळावा आणि मी माझा सांभाळावा, तरच दोघे नीट उतरू. तथागतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले. जो स्वतःला नीट सांभाळतो तो दुसऱ्यालाही सांभाळतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री आणि करुणा यांनी दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, असे त्यांनी समजावले.

हीच गोष्ट आपल्या डॉक्टर मुलीला आणि नर्स सुनेला सांगायची आहे. रोज १० मिनिटे शांत बसून आनापानसती करायला तिला घरात एक कोपरा द्या. पण आठवड्याला ९० तास काम करणाऱ्या माणसाला नुसते "ध्यान कर" सांगणे ही थट्टा होईल. तिला झोप, मान आणि घरच्यांची साथ हवी. ध्यान त्याच्यासोबत.

मदत कधी आणि कुठे घ्यावी

पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नका:

- दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि मन बिघडलेले असणे.
- फोन उचलणे आणि मित्रमैत्रिणींशी बोलणे बंद करणे.
- झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांचा आधार घेऊ लागणे.
- "माझा सगळ्यांना त्रास होतो", "मी नसते तर बरे झाले असते" असे बोलणे. हे ऐकले तर त्याच दिवशी तिच्याकडे जा. जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. तिला एकटीला ठेवू नका.

टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. रत्नागिरीत ब्रिटिश काळापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप न येणे, उदासी, धास्ती यांसाठीही जाता येते. तिथे गेले की वेडाचा शिक्का बसतो, ही भीती सोडून द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. रुग्ण स्वतः डॉक्टर असला तरीही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वाडीतल्या आरोग्यसेवेत असलेल्या प्रत्येकाची यादी करा. त्यांच्यातल्या कोणी गेल्या आठवड्यात पूर्ण एक दिवस सुट्टी घेतली, कोण नीट झोपले, कोणाशी कोण बोलले, एवढे विचारा. सत्कार पुढच्या वर्षीही करूच. या वर्षी आधी त्यांना जेवायला बोलवा आणि त्यांचे ऐकून घ्या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!